साखराबाईच्या शिव्या

नाव साखराबाई, पण जिभेला साखरेचा कण लागलेला कुणी पाहिला नव्हता. मांजरसुंब्याच्या वरच्या माळावर तिची वस्ती. सत्तर-ऐंशी मेंढरं, दोन कुत्री आणि ती एकटी. मेंढरं घेऊन ती खाली गावात उतरली की मारुतीच्या पारावर बसलेली टाळकी आपोआप गप व्हायची. कारण बोलल्याशिवाय ही बाई पुढं जायचीच नाही.

"बसा, बसा मुर्दाडांनो! आज कुणाला उभं धरून मारायचं ठरलंय?"

हे रोजचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ वर्षं रोजचं. गावात लग्न निघालं तरी शिवी, मयत झाली तरी शिवी. "मुडदा बशिवला तुमचा, पटकी आली तुमाला," म्हणत ती काठी आपटत निघून जायची. मागं कुणीतरी हळूच म्हणायचं, "डोसकं फिरलंय बाईचं." एवढंच. उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती. निदान तिला तरी तसं वाटायचं.

आता कुणी म्हणेल, काय ही बाई, नवऱ्यामागं गुमान राहावं, मेंढरं राखावीत, देवाचं नाव घ्यावं. म्हणणाऱ्याचं काय जातं? आधी ऐका, मग बोला.

तिचा नवरा सटवा. ताडमाड गडी, बोलायला कमी, हसायला जास्त. निजामाच्या अमलातलं फसली तेराशे एकतीस साल, त्याचा पावसाळा सरताना दोघं मेंढरं घेऊन घाटाच्या उतारावर होती. करवंदीच्या जाळीत सटवाचा हात गेला आणि एका गांधीलमाशीनं त्याला कानामागं डंख मारला. एक माशी, एक डंख. माळावर राहणाऱ्याला माशीचं काय कौतुक! पण दोन चिलमी ओढून होतील एवढ्या वेळात त्याचे तळहात खाजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजून भाकरीसारखे झाले. पोटात कळ आली, तो ओकला, आणि "काळीज लई पळायलंय गं" म्हणून उतारावर कोसळला. डोकं खाली, पाय वर, असा आडवा. साखराबाईनं उचलायचा जीव तोडून प्रयत्न केला. पण सहा फुटी गडी या चिमणीएवढ्या बाईला कसा उचलणार? शेवटी तो होता तसाच पडून राहिला आणि ती त्याच्याजवळ बसून माशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत रडत राहिली. तासाभरानं सटवानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

गावात ही गोष्ट त्यानंच हसत हसत सांगितली. गाव काय सोडतंय! "सटव्या, तुला मुंगी चावली तर बारावं घालावं लागंल बे!" पारावर आठ दिवस तोच विनोद चालला.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात सुंदरराव देशमुखांनी आपल्या मळ्यात मेंढरं बसवायला सांगितली. मेंढरं रानात बसली की लेंड्यांनी जमीन सुधारते, म्हणून कुणबी-देशमुख त्यांना बोलावून घेत. तिथं विहिरीच्या थारोळ्यापाशी सटवाला पुन्हा माशी चावली. या खेपेला घोट्यावर. त्यानं स्वतःच्या हातानं माशी झटकली, स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "माशी हाय." आणि थोड्या वेळात त्याला अंधारी आली, तो खाली बसला.

सुंदरराव धावत आले. मोठा माणूस, गावात शब्दाला वजन, आणि सगळ्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असा समज. अगदी उंटावरचा शहाणा! त्यांनी घोटा बघितला, सुजलेलं तोंड बघितलं आणि निकाल देऊन टाकला.

"माशीनं कुठं माणूस पडतो काय? पान लागलंय याला."

तिकडं सापाचं नाव तोंडानं घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलं की पुढचं सगळं ठरलेलं. माणसाला मारुतीच्या देवळात न्यायचं. लिंबाचा पाला आणि मिरच्या चारायच्या, कडू-तिखट लागतंय का विचारायचं, नाही लागलं तर विष भिनलंय म्हणायचं. विष उतरवायला बारी म्हणायची, म्हणजे ढोलकीवर देवाची गाणी. आणि काहीही झालं तरी त्याला आडवं होऊ द्यायचं नाही. निजला की विष काळजात चढलं, असं आजे-पणजे सांगून गेलेले. मग कोण आडवं होऊ देतंय!

सटवाला खांबाला टेकवून बसवला. बंकट बारी म्हणायला बसला, घसा मोठा आणि अक्कल लहान. सारजाबाई म्हातारीनं त्याच्या तोंडात लिंबाचा पाला कोंबला. आणि पाठीमागून त्याला दोन्ही हातांनी ताठ धरून कोण बसलं होतं? साखराबाई. सापाचं नाव निघाल्यावर तिनं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. मागच्या वर्षीचा उतार, वर राहिलेले पाय, तासाभरानं उघडलेले डोळे, यातलं काहीसुद्धा तिला आठवलं नाही.

"मला निजू दे गं," सटवा म्हणाला. आवाज खोल गेलेला. "उलीसं आडवं होऊ दे."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. हो, मारली! तो जागा राहावा म्हणून. "निजू नगा! डोळं उघडा, आवं, डोळं उघडा!"

"चालवा त्याला," सुंदरराव म्हणाले. दोघांनी बगलेत हात घालून उभा केला. देवळाभोवती एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत, पाऊल उचललेलं असतानाच, सटवा गेला. ढोलकी चालूच होती. बंकटला कळायलाच वेळ लागला.

सटवाचे दिवस घातल्यावर साखराबाई घाट उतरून पायी बीडला गेली. तिथं हैद्राबादेकडचे एक डॉक्टर बसत. त्यांच्या दारात ती दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आत बोलावलं, तर हिनं रामराम न करता थेट विचारलं, "माशीनं माणूस मरतो का?"

डॉक्टर भला माणूस. त्यानं सगळं विचारून घेतलं. आधीची खेप, नंतरची खेप, पडला कसा, बसवला कसा. मग सांगितलं, "जहर थोडाच रहता, बेटी. पन किसी-किसी का जिस्म उसपे बिगड जाता. रगां सब ढीली पड जातीं. खून रगां में फैल जाता, उसका पानी बाहर रिस जाता. दिल तक पोंचताच नहीं. दिल दौडता, लेकिन खाली दौडता. ऐसे में आदमी को खडा करे, तो रहा-सहा खून बी पावां में उतर जाता. लिटाना, पावां उप्पर करना. बैठाना नक्को."

रगां म्हणजे शिरा, एवढं साखराबाईला कळलं. तिनं विचार केला. "म्हंजे बैल वढत्यात, नाडा येतो, मोट बी वर येती. पर रिकामी."

"हौ," डॉक्टर म्हणाले. मोट त्यांना कळली की नाही कोण जाणे.

"मंग निजवलं असतं तर?"

"मैं देख्या नहीं, बेटी. सांप बी हो सकता. और लिटाते तो बी बचताच, ऐसा नहीं बोल सकता."

खरं बोलला बिचारा. पण त्या खऱ्या बोलण्यानं बाईचे दोन तुकडे झाले. घाट चढून ती वर आली आणि त्या दिवसापासून गावाला शिव्या सुरू झाल्या. गावापुढं ती म्हणायची, माशीच होती, तुमी उभा धरून मारला. आणि माळावर एकटी असली की स्वतःला सांगायची, पानच लागलं असंल, सांप बी हो सकता म्हणाला होता डाक्टर. कारण माशी असली, तर पाठ ताठ धरून बसलेली ती होती. थोबाडीत मारणारी ती होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? पण असं विचारणारं जवळ कुणी नव्हतं आणि स्वतःला विचारायची तिची छाती नव्हती. मग संताप वाढत गेला. सुंदररावांवर तर इतका, की त्यांच्या वाटेवरची धूळसुद्धा ती मेंढरांच्या पायांना लागू द्यायची नाही.

अशी आठ वर्षं गेली. हुरड्याचे दिवस होते. सुंदररावांच्या मळ्यात सकाळीच आगटी पेटलेली, पाहुणे जमलेले, घरच्या बायकाही आलेल्या. सुंदररावांची बायको केसरबाई बाभळीखाली बसून कणसं चोळत होती. आगटीचा धूर बाभळीत गेला, तिथल्या गांधीलमाशा उठल्या आणि एकीनं केसरबाईच्या मानेवर डंख मारला. घटकाभरानं ती उठायला गेली ती तिथंच कलंडली. पायाशी काटा लागून रक्त आलेलं होतं. झालं! "पान लागलं! पान लागलं!" एकच गिल्ला.

साखराबाई शेजारच्या धसकटात मेंढरं चारत होती. चार माणसं हातांची पालखी करून देशमुखीणबाईला बसती नेताना तिनं पाहिलं. पहिल्यांदा तिला काय वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिला बरं वाटलं. घे म्हणावं सुंदरराव, आता तूही घे!

मागून एक रोजगारीण धावत आली. साखराबाईनं तिला दंडाला धरून थांबवलं. "काय झालं गं?"

"पान लागलं म्हणत्यात. पर बाईसाहेब सोताच म्हणत होत्या, मानंवर माशी चावली. तळहात लई खाजायलेत म्हणत होत्या."

साखराबाई बांधावर मटकन बसली. निजवलं, पाय वर केले आणि केसरबाई उठली, तर? तर सटवाही उठला असता. मग साप नाही, पान नाही, काही नाही. मग त्याला ताठ धरणारे आपलेच दोन हात. इथंच बसून राहावं. चार ढोलक्या वाजतील, बाई मरेल, गाव म्हणेल पान लागलं, आणि सांप बी हो सकता हे आपल्यापाशी जन्मभर राहील. कुणाला कळणार आहे? कुणालाही नाही.

"अगं रांडे," ती स्वतःलाच म्हणाली, "ऊठ."

आणि काठी टाकून पळत सुटली.

देवळात तोच थाट. केसरबाईला खांबाला टेकवलेली, दोन बायकांनी बगलेत धरलेली, बंकटची ढोलकी चालू. सारजाबाई म्हातारी पाला भरवत होती. बाईचा चेहरा पांढराफटक, ओठ सुजलेले, मान एकीकडं. तोंडातला पाला गिळायचंसुद्धा भान नव्हतं.

"निजवा तिला!" साखराबाई दारातूनच ओरडली. "आडवी करा मुर्दाडांनो! माशी हाय ती!"

"आली का भवानी," बंकट म्हणाला. "मालक, हिला बाहेर काढा. झोपल्या की गेल्या बाईसाहेब."

सुंदररावांच्या तोंडावर घाम. त्यांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा हिच्याकडं. तोवर केसरबाईचे डोळे पांढरे झाले.

पुढं जे झालं ते गावानं कधी पाहिलं नव्हतं. मेंढरू कातरायला पाडायचं तर धनगर त्याचे पाय ओढतो. साखराबाईनं तेच केलं. केसरबाईचे दोन्ही घोटे धरून असा हिसका दिला, की धरणाऱ्या बायकांसकट सगळं लटांबर खाली आलं. तिनं बाईला आडवी केली, बोट घालून तोंडातला पाला काढला, मान कुशीला वळवली, आणि समोर फतकल मारून तिचे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवर घेतले.

देवळात बोंब उठली. देशमुखीणबाईचे पाय, चारचौघांत, उघडे! पोटऱ्या दिसायला लागलेल्या!

"तोंडं फिरवा की मेल्यांनो!" साखराबाईनं नेसणाचा घोळ त्या पायांभोवती आवळला. "बाईचा जीव चाललाय आन् तुमाला पोटऱ्या दिसायल्यात!"

"देवाकडं पाय केलेत हिनं!" बंकट ओरडला. "मारुतीकडं पाय!"

"मारुतीला पाय न्हाईत का बे? लंकेला काय बसून गेलता त्यो?"

दोघांनी तिच्या दंडाला धरून ओढलं. एकानं केस धरले. ती हलली नाही. खांद्यावरचे पाय तिनं असे कवटाळले होते, की ओढायचं तर दोघींनाही ओढावं लागलं असतं. तोंड तर चालूच. बंकटचा बाप, बंकटचा आजा, ढोलकी करणारा, लिंब लावणारा, कुणी म्हणून सुटलं नाही. शेवटी सुंदरराव पुढं झाले. हिला हाकलणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी केस धरणाऱ्याचा हात झटकला.

"सोड तिला," ते म्हणाले. "काय करायचं ते करू द्या. ढोलकी बंद कर, बंकट."

सारजाबाई केसरबाईच्या मनगटाला हात लावून बसली होती. "नाडी न्हाई," ती पुटपुटली.

"गळ्याला बघ!"

म्हातारीनं गळ्याला बोटं लावली. बोटं इकडं-तिकडं सरकवली. मग म्हणाली, "हाय. दोऱ्यावानी हाय. लई पळायलीय."

"पळू दे. कुणी उठवायचं न्हाई."

किती वेळ गेला कुणी मोजला नाही. आगटीवरचा हुरडा तिकडं करपून गेला. साखराबाईचे खांदे भरून आले, पायांना मुंग्या आल्या, पण तिनं पाय खाली ठेवले नाहीत. हळूहळू म्हातारी सांगायला लागली. आता बोटाला जरा जोरात लागतीय. आता मनगटाला आली. केसरबाईच्या कपाळावर घाम फुटला, ओठांचा रंग बदलला. तिनं डोळे उघडले, हे सगळे लोक का जमलेत म्हणून लाजली, पदर सारखा करत उठायला लागली.

"उठलीस तर बघ!" साखराबाईनं खांद्यावरचे पाय हिसकून तिला पुन्हा आडवी केली. देशमुखीण असो की कुणी असो. "दिवस कलेस्तोवर असंच निजायचं. मुकाट्यानं."

केसरबाई मुकाट्यानं निजली.

मग देवळात सगळं एकदम सैल झालं. बायका रडायला लागल्या, हसायला लागल्या. कुणी साखराबाईच्या पाया पडायला वाकली, तिला ती लाथाडायलाच निघाली होती. बंकट ढोलकी घेऊन कधी गेला ते कळलं नाही. सुंदरराव तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसले. देशमुख माणूस, पण खाली बसले. म्हणाले, "म्हंजे... तवा बी माशीच होती?"

याच प्रश्नासाठी आठ वर्षं तिनं घसा फोडला होता. एकानं तरी विचारावं, एकानं तरी कबूल व्हावं. तिनं काय काय जमवून ठेवलं होतं सांगायला! नवा कोरा शिव्यांचा गाडाच होता. आता तो सुंदररावांच्या डोक्यावर रिकामा करायचा, एवढंच उरलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "माशीच होती. तुमी सांगितलंत, बसवा म्हणून."

सुंदररावांनी मान खाली घातली.

"आन् पाठ म्या धरली होती," ती म्हणाली. "निजू दे म्हणत होते. म्या थोबाडीत मारली."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मेंढरांनासुद्धा नाही. केसरबाईचे पाय अजून खांद्यावरच होते, म्हणून तिला तोंड लपवायला हातही मोकळे नव्हते.

"ठावं हाय की," सारजाबाई म्हणाली.

"कुणाला?"

"समद्यायला. देवळात सारं गाव होतं. आठ वरसं ठावं हाय."

साखराबाईच्या अंगाची आग झाली. "मंग कावून बोलला न्हाईत? रोज तुमच्या आईबापाचा उद्धार केला म्या! रोज! एकानं तरी तोंडावर मारायचं होतं, की बये, धरून तर तूच बसलीवतीस! एवढ्या मोठ्या गावात एकाला जीभ नव्हती का?"

सारजाबाईनं पदराचं टोक ओलं करून केसरबाईच्या ओठांना लागलेला हिरवा चोथा पुसला. मग तोच पदर तिनं साखराबाईच्या तोंडावरून फिरवला. या बाईनं तिला आठ वर्षांत म्हातारी घुबड, चेटकीण, काय काय म्हणून ठेवलं होतं.

"पाला म्याच कोंबला होता सटव्याच्या तोंडात," ती म्हणाली. "अन् बोलून काय करायचं होतं? त्या शिव्या आमाला नसत्या दिल्यास, तर कुणाला दिल्या असत्यास, पोरी?"